प्रयोग संपल्यानंतरचे घर

नटाचे आयुष्य प्रेक्षकांना दिसते ते तीन तासांचे. उरलेल्या एकवीस तासांचा भार त्याचे शरीर आणि त्याचे घर उचलत असते. कलावंतांच्या संसाराकडे पाहून आपल्या घरातील ज्येष्ठांनी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनी काय घ्यावे, याचा हा विचार.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून नाटक हे मराठी माणसाचे वेड आहे. या पाक्षिकाच्या ज्येष्ठ वाचकांपैकी अनेकांनी तिकिटाच्या रांगेत उभे राहून नाटके पाहिली असतील आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत डुलक्याही घेतल्या असतील. आपण नटाच्या आवाजाबद्दल बोलतो, त्याच्या नजरेबद्दल बोलतो. प्रयोग संपवून तो घरी केव्हा पोहोचतो, काय खातो, त्याच्या आईच्या औषधांकडे कोण पाहते, मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत घरी कोण असते, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. कुटुंबवैद्याच्या मनात मात्र तेच आधी येतात. शिवाय हे प्रश्न एकट्या नटाचे नाहीत. एस.टी. चालकाच्या, परिचारिकेच्या, पोलिसाच्या आणि रात्रपाळीच्या कामगाराच्या घरातही ते असतातच. नटाच्या घरात ते अधिक ठळक दिसतात, एवढेच.

घड्याळाच्या उलट दिशेने

इतरांची घरे ज्या वेळी एकत्र येतात, त्याच वेळी नटाचे काम सुरू होते. संध्याकाळ, शनिवार-रविवार, सणवार, उन्हाळ्याची सुट्टी हा प्रेक्षकांचा मोकळा काळ, म्हणून तो नटाच्या कष्टाचा काळ. रात्री साडेआठच्या सुमारास तिसरी घंटा झाली, तर पडदा पडायला साडेअकरा वाजतात. त्यानंतर रंगभूषा उतरवणे, भेटायला आलेल्या रसिकांशी दोन शब्द बोलणे आणि दौरा असेल तर पुन्हा बसमध्ये चढणे. मालिकेत काम असेल तर बारा-बारा तासांची शिफ्ट, आणि उद्याची वेळ बहुधा आज रात्री कळणार.

प्रयोगाच्या मानधनाला नाटकवाले ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग झाला तर नाइट मिळते, नाही झाला तर मिळत नाही. पगारी रजा, निवृत्तिवेतन हे शब्द बहुतेक नटांच्या शब्दकोशात नसतात. अंगात ताप असताना नट रंगमंचावर उभा राहतो तो केवळ कलेच्या निष्ठेपायी असे आपण समजतो. त्यामागे सहकाऱ्यांच्या चुली आणि घराचे हप्तेही असतात.

६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात प्रशांत दामले यांनी आपला १२,५००वा प्रयोग केला. वर्षाला तीनशे प्रयोग धरले तरी हा हिशेब चाळीस वर्षांच्या पुढे जातो. या आकड्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण तो दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. नटाच्या जितक्या संध्याकाळी रंगमंचावर गेल्या, तितक्या संध्याकाळी त्याचे घर दुसऱ्या कोणीतरी चालवलेले असते.

शरीराची घडण दिवसा जागण्यासाठी आणि रात्री निजण्यासाठी झाली आहे. प्रयोगाच्या वेळी ॲड्रिनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात, नाडी जलद चालते, बुद्धी तल्लख होते. पडदा पडला म्हणून ही भरती लगेच ओसरत नाही. प्रखर प्रकाशामुळे झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरकही उशिरा स्रवते. त्यामुळे थकवा पराकोटीचा आणि डोळ्यांत झोप नाही, अशी अवस्था होते. घरच्यांना वाटते, हा आल्यावर बोलत का नाही? वास्तविक त्या क्षणी त्याच्या शरीराला बोलणेही नको असते आणि निजणेही जमत नसते. वर्षानुवर्षे असे चालले की रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची शक्यता वाढते. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या सर्वांच्या बाबतीत हे खरे आहे.

त्यात मध्यरात्रीचे जेवण. पोटभर जेवून लगेच आडवे झाले की जठरातील आम्ल वर येते आणि ते स्वरयंत्रापर्यंतही पोहोचू शकते. सकाळी घसा खाकरणे, आवाज जड होणे, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे, ही त्याची लक्षणे. अनेकांना यात छातीत जळजळ होतच नाही, त्यामुळे दोष पोटाचा आहे हे ध्यानात येत नाही आणि माणूस घशाच्या गोळ्या चघळत राहतो.

सर्वांत मोठा धोका रस्त्यावरचा. ‘ती फुलराणी’ने घराघरांत पोहोचलेल्या भक्ती बर्वे वाईचा प्रयोग आटोपून मुंबईकडे परतत असताना १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात गेल्या. एकेका अपघाताची कारणे वेगवेगळी असतात; परंतु रात्रीचा प्रवास हा नटाच्या कामाचाच भाग आहे, हे त्या दिवशी रसिकांना फार कठोरपणे कळले. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची सतर्कता थोडे मद्य घेतलेल्या माणसाइतकी मंदावते. पहाटे दोन ते पाच या वेळात डोळा लागणे हे इच्छाशक्तीच्या हातात राहत नाही. ‘आई आजारी आहे, रात्रीच निघून ये’ असा निरोप मुलाला देण्यापूर्वी हे आठवावे. पहाटे सुखरूप पोहोचणारा मुलगा मध्यरात्री निघालेल्या मुलापेक्षा आईच्या अधिक उपयोगाचा असतो.

‘प्रयोग झालाच पाहिजे’

१९११ साली मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग लागला होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. तरीही ते भामिनीच्या भूमिकेत उभे राहिले आणि प्रयोग झाला. एक शतकाहून अधिक काळ आपण ही हकीगत निष्ठेचा मानदंड म्हणून सांगत आलो आहोत. ती निष्ठा खरीच. पण वैद्याच्या मनात आणखी एक प्रश्न येतो : त्या संध्याकाळी त्या मुलीच्या आईजवळ कोण बसले होते?

दुःख पुढे ढकलता येते, रद्द करता येत नाही. ज्येष्ठ वयात असे साठलेले दुःख पुष्कळदा रडण्यातून बाहेर न पडता शरीरातून बोलते. झोप उडते, छातीवर ओझे वाटते, अंग दुखते, अन्नावरची वासना जाते. तपासण्यांमध्ये काही सापडत नाही आणि घरचे म्हणतात, ‘काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत.’ मनाला झालेले दुखणे हेही दुखणेच. त्याला उपचार असतो, आणि तो बहुधा कोणीतरी शेजारी बसून ऐकण्यापासून सुरू होतो.

‘प्रयोग झालाच पाहिजे’ या वाक्याचा दुसरा परिणाम म्हणजे आजार लपवणे. आवाज बसला की ‘आजच्यापुरते’ स्टेरॉइडचे इंजेक्शन मागणारे कलावंत असतात. त्याने सूज उतरते आणि आवाज काही काळ मोकळा होतो. परंतु स्वररज्जूंना इजा झाली असेल तर तिच्यावरच पुन्हा ताण पडतो आणि मधुमेह असेल तर साखर झपाट्याने वाढते. तज्ज्ञाने स्वरयंत्र पाहिल्याशिवाय हा मार्ग धरू नये. आपल्या घरातही हा नट असतो. लग्नघर पार पडेपर्यंत गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेत राहणारी आजी आणि नातवाच्या मुंजीपर्यंत छातीतली कळ कोणाला न सांगणारे आजोबा त्याच वाक्यावर जगत असतात. वेदनाशामक गोळ्या अशा सलग घेतल्याने जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होते, आणि छातीतली कळ तर मुहूर्त पाहून थांबत नाही.

नटी कमावती होते तेव्हा

पुरुष नट घराबाहेर असतो तेव्हा घर बायको सांभाळते, हे गृहीतच धरले गेले. स्त्री रंगमंचावर आली तेव्हा मात्र समाजाला घराची आठवण झाली. मो. ग. रांगणेकर यांच्या १९४२च्या ‘कुलवधू’ नाटकाचा विषय हाच होता. चित्रपटात काम करून नाव मिळवणारी पत्नी आणि तिच्या यशाने दुखावलेला नवरा. भानुमतीची ही भूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी केली. ऐंशीहून अधिक वर्षे उलटली, तरी हा प्रश्न शिळा झालेला नाही. कमावत्या सुनेची बदली दुसऱ्या गावी झाली की अनेक घरांत आजही तोच अंक उघडतो.

दुर्गा खोटे यांची गोष्ट याहून खडतर. सुखवस्तू घरातील ही तरुणी सासरच्या आर्थिक पडझडीनंतर चित्रपटात आली. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात तिने तारामती साकारली. काही वर्षांतच वैधव्य आले आणि दोन लहान मुलांचा भार तिच्यावर पडला. कुलीन घरातील स्त्रीने तोंडाला रंग लावण्याला नावे ठेवली जात असताना तिने मुलांना वाढवले आणि कामही सोडले नाही. पुढे एका मुलाचा मृत्यूही तिला पाहावा लागला. १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तेव्हा मागे अर्ध्या शतकाची मजुरी होती.

आज चाळिशी-पन्नाशीतील असंख्य स्त्रिया एकाच वेळी नोकरी, मुलांचे शिक्षण आणि सासू-सासऱ्यांचे आजारपण वाहतात. त्यांच्याकडून समतोलाची अपेक्षा केली जाते. समतोल हा शब्द तराजूचा आहे आणि तराजूला दोन पारडी लागतात. एकाच व्यक्तीच्या दोन्ही खांद्यांवर सर्व ओझे टाकून तिला ‘समतोल राख’ म्हणणे ही थट्टा झाली. दुसरे पारडे घरातील इतरांनी धरायचे असते. पती, मुलगा, दुसऱ्या गावी राहणारा भाऊ, आणि हातपाय धड असतील तर स्वतः ज्येष्ठांनीही. भाजी निवडणे, नातवंडांचा अभ्यास घेणे, औषधांची वही लिहिणे, वीजबिलाची तारीख लक्षात ठेवणे ही कामे क्षुल्लक नव्हेत. ती दुसऱ्या पारड्यातली वजने आहेत.

वैद्य, नट आणि पिता

डॉ. श्रीराम लागू यांचे आयुष्य माझ्यासारख्या वैद्यकीय व्यावसायिकाला विशेष जवळचे वाटते. १९२७ साली साताऱ्यात जन्म, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण आणि पुढे कान-नाक-घसा शल्यचिकित्सक म्हणून व्यवसाय. उच्च शिक्षणासाठी ते परदेशी गेले, आफ्रिकेत टांझानियातही त्यांनी काम केले. नाटक सोबत होतेच. १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी व्यवसाय बाजूला ठेवून पूर्णवेळ अभिनय स्वीकारला. स्थिर उत्पन्नाचा धंदा सोडून नाइटवर जगणे हा निर्णय एकट्याचा असूच शकत नाही. तो घर मिळून पेलते. त्यांच्या पत्नी दीपा श्रीराम स्वतः रंगभूमीवरच्या अभिनेत्री. तालीम का लांबते, भूमिका डोक्यातून का उतरत नाही, हे घरात समजावून सांगावे लागत नसावे.

आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘लमाण’ हे नाव दिले. लमाण म्हणजे इथला माल तिथे पोहोचवणारा. लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत नेणारा तो नट, ही त्यामागची भूमिका. वैद्यकीय दृष्टीनेही ही वृत्ती निरोगी आहे. जो माणूस आपले काम म्हणजेच आपण असे मानत नाही, तो काम थांबल्यावर कोसळत नाही.

पण या घराची खरी परीक्षा वेगळीच होती. त्यांचा तरुण मुलगा तन्वीर लोकल गाडीतून जात असताना बाहेरून कोणीतरी भिरकावलेल्या दगडाने जखमी झाला आणि गेला. वार्धक्याच्या उंबरठ्यावर अपत्य जाण्याच्या दुःखाला सांत्वन नसते. लागू दांपत्याने आपल्या रूपवेध प्रतिष्ठानातर्फे मुलाच्या नावाने ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला. २००४ पासून रंगभूमीची दीर्घ सेवा केलेल्या ज्येष्ठांना तो ९ डिसेंबरला, तन्वीरच्या वाढदिवशी, दिला जाऊ लागला. मुलाच्या वाढदिवशी रिकाम्या घरात बसण्याऐवजी त्या आईवडिलांनी सभागृह भरवले. दुःख त्यामुळे संपले असे कोणी म्हणणार नाही. दुःखाला दरवर्षी बसायला एक जागा मिळाली, असे मात्र म्हणता येईल. ज्यांच्या घरी अशी पोकळी आहे, त्यांनी मोठा समारंभ करण्याची गरज नाही. त्या दिवशी एखाद्या विद्यार्थ्याचे शुल्क भरावे, झाड लावावे, गेलेल्याच्या मित्रांना जेवायला बोलवावे. नाव उच्चारायचेच नाही, हा मात्र फार घातक उपाय आहे.

अप्पासाहेब बेलवलकरांचे निदान

लागूंची सर्वांत गाजलेली भूमिका म्हणजे वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने हे नाटक रंगमंचावर आणले. कावेरीच्या भूमिकेत शांता जोग होत्या. १९७४ साली या नाटकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निवृत्त झालेला थोर नट आपली मिळकत मुलगा आणि मुलगी यांना वाटून टाकतो, दोन्ही घरांत नकोसा होतो आणि शेवटी रस्त्यावर येतो, एवढे कथानक आपल्याला ठाऊक आहे.

मुले कृतघ्न आणि बाप देवमाणूस, अशी आपण या नाटकाची वाटणी करतो. वैद्याच्या नजरेने पाहिले तर निदान थोडे निराळे होते. अप्पासाहेबांनी तीन गोष्टी एकाच वेळी सोडल्या : काम, पैसा आणि निर्णयाचा अधिकार. रंगमंच गेला, पण रंगमंचावरचा मोठा आवाज तसाच राहिला आणि तो दोन खोल्यांच्या शिस्तबद्ध संसारात मावेना. आयुष्यभर रात्री घराबाहेर राहिलेला माणूस अचानक दिवसभर घरात आला. त्याच्याशी कसे राहायचे, याची तालीम ना मुलांनी केली होती, ना त्याने. ही गोष्ट नटाइतकीच मुख्याध्यापकाला, फौजदाराला आणि आयुष्यभर फिरतीची नोकरी केलेल्या कोणालाही लागू आहे.

म्हणून निवृत्तीची तयारी आधी दोन-तीन वर्षे करावी. काम एकदम बंद न करता उतरत्या भाजणीने कमी करावे. घरात आपली एक निश्चित जबाबदारी ठरवून घ्यावी आणि घराबाहेर आपली वाट पाहणारी एक तरी जागा ठेवावी, मग ते वाचनालय असो, भजनी मंडळ असो वा बागेतला कट्टा.

आर्थिक बाजूही आरोग्याचीच बाजू आहे. हयातीत राहते घर नावावर करून देण्याची घाई करू नये. द्यायचेच असेल तर आपला सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या कलम २३ नुसार, अशी अट असूनही सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. मसुदा वकिलाकडून करून घ्यावा. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मासिक मानधन देण्याची राज्य शासनाची योजनाही आहे. ज्यांच्या घरी लोककलावंत, कीर्तनकार वा नट आहेत, त्यांनी आपल्या पंचायत समितीत किंवा स्थानिक कार्यालयात चौकशी करावी.

निवृत्तीनंतर एखादा माणूस सलग दोन आठवडे उदास असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत त्याचे मन रमत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, ‘आता माझा काय उपयोग’ असे तो वारंवार म्हणत असेल, तर ते ‘वयच झाले’ म्हणून सोडू नये. वार्धक्यातील नैराश्य बहुधा बरे होते. त्यासाठी ते ओळखावे मात्र लागते. जीव नकोसा झाल्याची भाषा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे आणि त्यांना एकटे ठेवू नये. तसेच गप्प बसणारा प्रत्येक ज्येष्ठ उदास असतो असेही नाही. पुष्कळदा त्याला ऐकू येत नसते. कान तपासून घ्यावेत. योग्य श्रवणयंत्र मिळाले की कित्येक घरांतला संवाद पुन्हा सुरू होतो.

विंगेतला माणूस

नाटकात काही माणसे प्रेक्षकांना कधीच दिसत नाहीत. त्यांपैकी दोघांकडून शुश्रूषा करणाऱ्यांनी पुष्कळ शिकावे.

पहिला प्रॉम्प्टर. नट अडखळला तर तो पुढचा एकच शब्द हलकेच देतो. रागावत नाही, सर्वांसमोर चूक दाखवत नाही, आणि नटाचे काम स्वतः करू लागत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी नेमके असेच वागावे. ‘सांगा पाहू, मी कोण?’ अशी परीक्षा घेण्याऐवजी ‘बाबा, मी तुमची मुलगी, चहा घेऊन आले’ असे आपणच सांगावे. आंघोळ घालण्याऐवजी हातात तांब्या द्यावा. पुष्कळदा पुढचे हातांना आठवते. मानसोपचारतज्ज्ञ व अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांनी ‘अस्तु’ या चित्रपटात अशाच एका विद्वान वृद्धाची भूमिका केली आहे. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो एकत्र बसून पाहावा.

दुसरा असतो रिप्लेसमेंटचा नट. मुख्य नट आजारी पडला तर प्रयोग अडू नये, म्हणून ही दुसरी व्यक्ती संवाद आणि हालचाली शिकून तयार असते. आपल्या घरांत मात्र आजारी माणसाला सांभाळणाऱ्या व्यक्तीला रिप्लेसमेंट नसते.

माझ्याकडे एक ज्येष्ठ नट आणि त्यांच्या पत्नी येत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात काम देईना. त्यांच्या रक्तदाबाची वही बाई सुरेख अक्षरात लिहीत. गोळ्या, व्यायाम, पथ्य सगळे वेळच्या वेळी. एकदा जिना चढून आल्यावर बाईंना धाप लागलेली पाहून मी त्यांचा रक्तदाब मोजला. तो १८०/१०० निघाला. सहा वर्षांत त्यांनी स्वतःची एकही तपासणी केली नव्हती. “म्हटलं, यांचं झालं की माझं बघू,” त्या म्हणाल्या. शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांना स्पष्ट बोलता येत नव्हते. त्यांनी डाव्या हाताने वही आपल्याकडे ओढली, कोरे पान उघडले आणि पत्नीपुढे सरकवले. त्या दिवसापासून एकाच वहीत दोघांच्या नोंदी होऊ लागल्या. मुलाने शनिवारची दुपार आणि पुतणीने बुधवारची संध्याकाळ वाटून घेतली. तीन महिन्यांत बाईंचा रक्तदाब आटोक्यात आला. औषधांचा वाटा होताच. त्या दोन मोकळ्या वेळांचाही होता.

रिप्लेसमेंटची तालीम संकट येण्यापूर्वी करावी. औषधांची नावे व वेळा, कशाची ॲलर्जी आहे, रात्री किती वेळा उठावे लागते, कोणत्या गाण्याने मन शांत होते, डॉक्टरांचा क्रमांक, हे सर्व एका वहीत लिहावे. मग आपण घरात असतानाच अर्धा दिवस दुसऱ्याला काम करू द्यावे. त्याच्या हातून पोळी करपली, चादरीला सुरकुती राहिली, तरी बोलू नये. नवा नट पहिल्याच प्रयोगात मुरलेला नसतो.

थोडी पथ्ये

• उशिरा काम संपत असेल तर मुख्य जेवण कामाआधी घ्यावे. परतल्यावर हलके खावे. जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तास ठेवावेत. आम्लाचा त्रास असल्यास पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उंच करावी.

• झोपेच्या आधीच्या सहा तासांत चहा-कॉफी टाळावी. दिवसा झोपायचे असल्यास खोली अंधारी व शांत ठेवावी. ही जबाबदारी घरच्यांची.

• मधुमेही व्यक्तीने इन्सुलिन वा गोळ्या घेऊन जेवण लांबवू नये. घाम, थरथर, गोंधळ ही साखर कमी झाल्याची खूण. शुद्ध असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

• आवाज बसल्यास बोलणे कमी करावे, पाणी प्यावे, वाफ घ्यावी. कुजबुजल्यानेही ताण पडतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिल्यास, विशेषतः तंबाखूचे व्यसन असल्यास, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावेच.

• तासन्‌तास उभे राहणाऱ्यांनी बसल्यावर पाय उंचावर ठेवावेत. पायांवरच्या शिरा फुगल्या असतील तर त्या दाखवून घ्याव्यात.

• शुश्रूषा करणाऱ्याने आपल्या रक्तदाबाची व साखरेची तपासणी रुग्णाच्या तपासणीच्या दिवशीच करून घ्यावी. वेगळा दिवस काढू म्हटले की तो निघत नाही.

• घरी सर्व जण एकत्र जेवतील अशी आठवड्यातील एक वेळ ठरवावी. रात्र जमत नसेल तर सकाळची न्याहारी चालेल.

नटाला टाळ्या मिळतात. त्याच्या घराला मिळत नाहीत, आणि ज्या घरात कोणीही नट नाही पण एक वृद्ध अंथरुणाला खिळलेला आहे, त्या घराला तर मुळीच मिळत नाहीत. म्हणून या आठवड्यात एक करावे. आपल्या घरात ज्या व्यक्तीच्या जिवावर सर्व चालले आहे, तिला जवळ बसवावे आणि विचारावे, ‘तुझी शेवटची तपासणी केव्हा झाली?’ उत्तर आठवत नसेल तर दवाखान्याची वेळ आजच घ्यावी, आणि त्या वेळेपुरते तिचे काम आपण करावे.